प्रिंटरला तुमची फाईल वाचता येत नाही, मग छापायची कशी?

प्रिंटरला पेनड्राइव्ह लावला, छोट्या स्क्रीनवर फोल्डर उघडलं, आणि जी फाईल छापायचीय तीच यादीत दिसत नाही. किंवा दिसते, पण 'अनसपोर्टेड फॉरमॅट' असा मेसेज येऊन काम तिथेच अडतं. किंवा सगळ्यात वाईट म्हणजे प्रिंटर काही तक्रार न करता सुरू होतो आणि एकामागून एक पानांवर दोन-दोन ओळी विचित्र अक्षरं छापत सुटतो. हे तीन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण बऱ्याचदा दुखणं एकच असतं, प्रिंटरच्या हातात असं काहीतरी गेलंय जे त्याला वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर जगातल्या बहुतेक फायली प्रिंटरला वाचता येतच नाहीत. आपण रोज वर्डमधून, ब्राउझरमधून, फोनमधून प्रिंट देतो तेव्हा ती फाईल जशीच्या तशी प्रिंटरकडे जातच नाही, मध्ये कुठलं तरी सॉफ्टवेअर बसलेलं असतं जे तिचं प्रिंटरला कळेल असं रूपांतर करतं, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की मग प्रश्न साधा होतो: रूपांतर कुठे होतंय, कोण करतंय, आणि होत नसेल तर आपण ते कुठल्या टप्प्यावर स्वतः करून द्यायचं.

आधी प्रिंटरला शेवटी काय हवं असतं ते बघू. ठिपके. बस, दुसरं काही नाही. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं असतं, ते ६०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके धरून, छापायचं तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे सुमारे ७,०१५ ठिपके लागतात, म्हणजे एका पानाला जवळजवळ साडेतीन कोटी. नुसतं काळं-पांढरं पान असेल, प्रत्येक ठिपक्याला एकच बिट, तरी चार एमबीच्या वर जातं, आणि रंगीत असेल, ठिपक्यामागे तीन बाइट धरले, तर शंभर एमबीच्या पुढे. आज हे आकडे मोठे वाटत नाहीत, पण १९८० च्या दशकात एवढा डेटा त्या वेळच्या केबलमधून पाठवायचा म्हणजे एका पानासाठी किती वेळ बसावं लागलं असतं विचार करा. म्हणून मग वेगळा मार्ग निघाला: ठिपके पाठवायचेच नाहीत, पानाचं वर्णन पाठवायचं. 'हा फॉन्ट घे, या जागी हे अक्षर ठेव, इथून तिथपर्यंत रेघ मार, हा चौकोन करड्या रंगाने भर', आणि त्या वर्णनावरून ठिपके कुठे पडणार ते प्रिंटरने स्वतः ठरवायचं.

अशा वर्णनाच्या भाषांमध्ये सगळ्यात गाजलेली म्हणजे पोस्टस्क्रिप्ट. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोब काढली, १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आली आणि १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर ती घेऊन बाजारात उतरला. त्या प्रिंटरमधला प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता, आणि ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचे त्यातला तोच प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झच्याही खाली चालायचा. म्हणजे प्रिंटर कॉम्प्युटरपेक्षा तगडा! कारण उघड आहे, अवघड काम तोच करत होता. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, एचपीचा लेझरजेट आला, त्याची भाषा पीसीएल, ही पोस्टस्क्रिप्टपेक्षा साधी आणि प्रिंटरवर कमी भार टाकणारी. एप्सनने आपल्या डॉट मॅट्रिक्ससाठी ईएससी/पी बनवली होती. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली काढली, कॅननची यूएफआर आहे, क्योसेराने पोस्टस्क्रिप्टसारखी चालणारी केपीडीएल केली, ब्रदरची बीआर-स्क्रिप्ट आहे, असं ते झाड वाढतच गेलं.

नंतर कॉम्प्युटर वेगवान झाले आणि मेमरी स्वस्त झाली, तेव्हा कंपन्यांनी उलटा विचार केला की प्रिंटरमध्ये महागडा प्रोसेसर घालायचा कशाला, ठिपके कॉम्प्युटरनेच काढू देत की. असे प्रिंटर म्हणजे जीडीआय किंवा होस्ट-बेस्ड प्रिंटर, स्वस्तातले बरेच लेझर याच जातीचे. त्यांना पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, पीसीएल कळत नाही, फक्त त्यांच्याच ड्रायव्हरने, म्हणजे त्या प्रिंटरसाठी कॉम्प्युटरवर बसवलेल्या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, कॉम्प्रेस करून दिलेले ठिपके कळतात, ड्रायव्हर नसेल तर ते काहीही छापू शकत नाहीत. प्रिंटर घेताना स्पेसिफिकेशनमध्ये 'एम्युलेशन' किंवा 'प्रिंटर लँग्वेज' असा एक रकाना असतो, तो कोणी वाचत नाही, पण माझ्या मते पानं-प्रति-मिनिटपेक्षा तो रकाना जास्त महत्त्वाचा आहे. तिथे पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर दहा वर्षांनी कंपनीने नवीन ड्रायव्हर देणं बंद केलं तरी तुमचं काम अडणार नाही. नुसतं 'जीडीआय' किंवा 'होस्ट-बेस्ड' असेल तर अडू शकतं.

आता फाईलच्या बाजूला येऊ. छापायच्या दृष्टीने फायलींचे तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात पान आधीच तयार असतं: पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट, एक्सपीएस (मायक्रोसॉफ्टचं पीडीएफसारखं स्वरूप). कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे, ते आत लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार चित्रांचा: जेपेग, टिफ, पीएनजी, हीक, वेबपी. यात पान नसतं पण ठिपके असतात, ते कागदावर केवढे मोठे करायचे एवढंच ठरवायचं राहतं. तिसरा प्रकार खरा त्रासाचा, यात पान अजून बनलेलंच नसतं. वर्डची डॉकएक्स फाईल घ्या, ती आतून एक झिप असते, त्यात मजकूर आणि 'हे हेडिंग, हा परिच्छेद, हा अमुक फॉन्ट' असल्या खुणा असतात, पण सातव्या पानावर कुठली ओळ पहिली येणार हे त्यात नसतं, ते प्रोग्रॅम ती फाईल उघडतो तेव्हा दर वेळी नव्याने ठरतं. शिंप्याकडे दिलेलं कापड आणि मापांचा कागद म्हणजे डॉकएक्स, आणि शिवून हातात आलेला सदरा म्हणजे पीडीएफ. एक्सेल, वेबपेज, ई-पुस्तकांची ईपब, ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची डीडब्ल्यूजी, सगळे याच तिसऱ्या गटातले. म्हणूनच एखाद्या प्रिंटरवर 'पेनड्राइव्हवरून थेट प्रिंट' लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुतेक जेपेग, टिफ आणि पीडीएफपुरतंच असतं, वर्डची फाईल छापायला त्या प्रिंटरच्या आत अख्खा वर्डसारखा प्रोग्रॅम आणि तुमचे सगळे फॉन्ट असायला लागतील.

मध्ये एक गैरसमज काढून टाकतो, कारण हा प्रयोग खूप जण करतात. फाईलचं शेपूट बदलून, म्हणजे डॉकएक्सचं नाव पीडीएफ करून, काही होत नाही. नाव बदलतं, आतला माल तोच राहतो. प्रिंटिंगची बरीच सॉफ्टवेअर फाईलचे पहिले काही बाइट वाचून ती काय आहे ते ओळखतात: पीडीएफ असेल तर सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात, पोस्टस्क्रिप्टची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि उद्गारचिन्ह अशी, आणि झिप असल्यामुळे डॉकएक्सची सुरुवात 'पीके' अशी होते, तिचं नाव काहीही ठेवा.

मग कॉम्प्युटरमधून छापताना मध्ये नक्की काय घडतं? विंडोजमध्ये जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम विंडोजला सांगतो की पानावर हे काढ, ते काढ, ते सगळं ईएमएफ नावाच्या मधल्या स्वरूपात स्पूलरच्या, म्हणजे छापायची कामं रांगेत ठेवणाऱ्या भागाच्या, फोल्डरमध्ये साठतं आणि मग ड्रायव्हर त्याचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करून पाठवतो. नंतर आलेल्या काही ड्रायव्हरमध्ये ईएमएफच्या जागी एक्सपीएस असतं. मॅकवर ही मधली जागा पीडीएफची आहे, म्हणूनच मॅकच्या प्रिंट विंडोत पीडीएफ सेव्ह करायची सोय पहिल्यापासून सहज मिळते. यातून एक उपयोगाची गोष्ट कळते, ती म्हणजे या सगळ्या साखळीची पहिली कडी म्हणजे ती फाईल उघडू शकणारा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये एखाद्या फाईलवर राइट क्लिक केलं आणि मेनूत 'प्रिंट' आलंच नाही, तर प्रिंटरमध्ये बिघाड शोधत बसू नका, त्या फाईलला छापू शकणारा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

लिनक्सवर हीच साखळी उघड्यावर दिसते, म्हणून शिकायला ती मला सगळ्यात आवडते. पूर्वी तिथे प्रिंट क्यूला, म्हणजे छापायच्या कामांच्या रांगेला, एक 'फिल्टर' जोडायचे, छोटासा प्रोग्रॅम, एका बाजूने फाईल घ्यायची, दुसऱ्या बाजूने प्रिंटरला कळेल असं काहीतरी बाहेर काढायचं. त्यातलं मोठं नाव घोस्टस्क्रिप्ट, एल. पीटर डॉइच यांनी लिहिलेलं, १९८८ मध्ये बाहेर आलं. ज्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नाही त्याच्यासाठी घोस्टस्क्रिप्ट कॉम्प्युटरमध्येच पोस्टस्क्रिप्ट वाचून ठिपके काढून द्यायचं, म्हणजे महागड्या प्रिंटरमधलं डोकं सॉफ्टवेअरमध्ये आलं आणि साध्या इंकजेटवरसुद्धा पोस्टस्क्रिप्ट पानं निघायला लागली. मग मायकल स्वीट यांनी कप्स ही प्रिंटिंग सिस्टिम लिहिली, २००२ पासून अ‍ॅपलनेही तीच मॅकमध्ये घेतली. कप्समध्ये एक यादी असते की कुठला फिल्टर कशापासून काय बनवतो आणि त्याची 'कॉस्ट' किती, आणि तुम्ही फाईल दिली की कप्स तिचा प्रकार ओळखून सगळ्यात स्वस्त पडणारी साखळी जुळवतं, समजा जेपेग दिली तर जेपेगचं पीडीएफ, पीडीएफचे ठिपके, ठिपक्यांचं त्या प्रिंटरचं स्वरूप. पण त्याच कप्सला थेट डॉकएक्स द्या, ते नकार देतं, कारण वर्ड वाचणारा फिल्टर त्याच्याकडे मुळात नसतो. साखळी कुठे तुटली ते इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता त्या विचित्र अक्षरांच्या पानांकडे. ती पानं फेकून देण्याआधी एकदा नीट बघा, त्यावर निदान लिहिलेलं असतं. पहिल्या पानाच्या वर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे 'पीएस-अ‍ॅडोब' असं इंग्रजीत दिसलं, तर कॉम्प्युटरने पोस्टस्क्रिप्ट पाठवलंय आणि प्रिंटर ते मजकूर समजून छापतोय. इलाज: क्यूमधला ड्रायव्हर बदलून पीसीएलचा टाका. '१२३४५' आणि आजूबाजूला चिन्हं अशी ओळ दिसली तर ती पीजेएलची सुरुवात आहे, पीजेएल म्हणजे जॉब सुरू झाला, आता अमुक भाषेत बोलतोय असं प्रिंटरला सांगणारी कमांड, ती कागदावर आली म्हणजे प्रिंटरला पीजेएलच कळत नाही. नुसते चौकोन, हसरे चेहरे, एकाच ओळीत सगळा कचरा असेल तर कुठल्या तरी भाषेतला बायनरी डेटा चुकीच्या प्रिंटरकडे गेलाय. आणि एक फार ओळखू येणारा प्रकार म्हणजे जिना: पहिली ओळ डावीकडे, दुसरी तिच्या शेवटाच्या खालून सुरू, तिसरी आणखी उजवीकडे, आणि मग सगळं कागदाबाहेर. हे होतं कारण लिनक्सच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त 'खाली जा' असा एक बाइट असतो, विंडोजच्या फाईलमध्ये 'डावीकडे परत ये' आणि 'खाली जा' असे दोन असतात, प्रिंटर इतका सरळ आहे की त्याला खाली जायला सांगितलं तर तो फक्त खालीच जातो. काही लेझर प्रिंटरच्या मेनूत यासाठी सेटिंग असतं, नाहीतर फाईल थेट न पाठवता टेक्स्ट एडिटरमधून छापायची. असंच आणखी एक, मजकूर गेला, दिवा लुकलुकतोय पण शेवटचं पान बाहेर येत नाही, तर 'पान बाहेर काढ' हा फॉर्म फीडचा बाइट राहिलाय.

असा कचरा छापायला सुरुवात झाली तर आधी कॉम्प्युटरवरून जॉब कॅन्सल करा आणि मग प्रिंटर बंद करा. नुसता प्रिंटर बंद-चालू केला तर स्पूलर उरलेला भाग परत पाठवतो, आणि आता तो मधूनच सुरू झाल्यामुळे प्रिंटरला आणखीच काही कळत नाही.

साधा इलाज काय, तर तो मला वाटतं एका वाक्यात सांगता येतो: ज्या प्रोग्रॅममध्ये फाईल बनली तिथेच तिचं पीडीएफ करा, ते पीडीएफ डोळ्यांनी बघा, आणि मग तेच छापा. पीडीएफ १९९३ मध्ये अ‍ॅडोबने आणलं आणि २००८ मध्ये ते आयएसओ स्टँडर्ड झालं, त्यामुळे ते वाचणारे प्रोग्रॅम सगळीकडे आहेत, बऱ्याच प्रिंटरलासुद्धा आता ते थेट कळतं. विंडोज १० पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' नावाचा प्रिंटर आधीच बसवलेला येतो, कुठल्याही प्रोग्रॅममधून त्यावर प्रिंट द्यायची. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये मात्र प्रिंटच्या वाटेने न जाता 'एक्सपोर्ट' किंवा 'सेव्ह अ‍ॅज' मधून पीडीएफ केलेलं जास्त चांगलं, लिंक आणि अनुक्रमणिका टिकतात.

पीडीएफ झालं म्हणजे सगळं झालं असं नाही, दोन गोष्टी बघायच्या. एक, फॉन्ट आत आहेत का. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब असतो, तिथे प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' दिसायला हवं. देवनागरीला हे जरा जास्तच लागू आहे, कारण इंग्रजीत फॉन्ट नसला तर दुसरा सारखा दिसणारा लागतो आणि काम भागतं, आपल्याकडे मात्र जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते, नाहीतर नुसते चौकोन येतात. त्यामुळे मराठी मजकुराची वर्ड फाईल दुसऱ्याच्या मशीनवर छापायला पाठवण्यापेक्षा पीडीएफ पाठवा, अगदी एका पानाचं पत्र असलं तरी. दुसरी गोष्ट पानाचा आकार. ए-फोर २१० बाय २९७, अमेरिकेत चालणारा लेटर २१६ बाय २७९, दिसायला जवळपास सारखे, पण फाईल लेटरची आणि ट्रेमध्ये ए-फोर असलं की कितीतरी प्रिंटर नुसते दिवा लावून 'लेटर कागद घाला' म्हणत थांबून राहतात आणि माणसाला वाटतं प्रिंटर बिघडला.

आता काही फॉरमॅट घेऊ जे हमखास अडतात. आयफोनचे फोटो हीकमध्ये असतात, २०१७ च्या आयओएस ११ पासून, आणि पेनड्राइव्हवरून छापणाऱ्या बहुतेक प्रिंटरना हीक कळत नाही, त्यांना जेपेग करून द्यावं लागतं, किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅटसाठी 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगच येतात. एक्सेलचं पीडीएफ करण्याआधी प्रिंटच्या सेटिंगमध्ये 'सगळे कॉलम एका पानावर' हा पर्याय लावा, नाहीतर शेवटचा एक कॉलम वेगळ्या पानांवर पडून दुप्पट कागद जातो. डीडब्ल्यूजीसाठी ऑटोडेस्कचाच मोफत डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू आहे, त्यातून पीडीएफ काढता येतं, फक्त स्केल तुम्हाला सांगावं लागतं कारण ड्रॉइंगला स्वतःचा असा कागद नसतो. ईपबसाठी कॅलिबर आहे, कॉपी-प्रोटेक्शन नसलेल्या पुस्तकांचं ते पीडीएफ करून देतं. पोस्टस्क्रिप्ट आणि ईपीएस फायली मॅकचं प्रिव्ह्यू पूर्वी उघडायचं, मॅकओएस १३ पासून तेही बंद झालं, तेव्हा तिथेही घोस्टस्क्रिप्टच कामाला येतं.

जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फायलींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे लोकांचं खरंच नुकसान होतं. पेजमेकर, पब्लिशर, कोरलड्रॉ अशा प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं केलेली पत्रकं, स्मरणिका, फॉर्म नुसते मूळ फाईलमध्ये पडून असतात आणि एक दिवस ते उघडणारा प्रोग्रॅमच नवीन मशीनवर चालत नाही. मायक्रोसॉफ्टने तर पब्लिशर ऑक्टोबर २०२६ पासून बंद होणार असं जाहीर केलंय. लिबरऑफिस ड्रॉ या तिन्ही प्रकारच्या बऱ्याच फायली उघडतं, मांडणी थोडी हलते पण मजकूर आणि चित्रं हाताला लागतात. तरी ज्याच्याकडे अजून मूळ प्रोग्रॅम चालतोय त्याने आत्ताच सगळ्यांचं फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवावं, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मूळ फाईल ठेवा, पण शेजारी पीडीएफ असू द्या.

फाईल बदलायला ऑनलाईन कन्व्हर्टरच्या साइट खूप आहेत आणि सोयीच्या आहेत हे मान्य, पण तिथे फाईल अपलोड केली म्हणजे ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली. ओळखपत्र, बँकेचे कागद, मेडिकल रिपोर्ट, ऑफिसचं काही, हे तिथे टाकू नका, वर सांगितलेली सगळी मोफत साधनं आपल्याच मशीनवर चालतात.

कधी कधी पीडीएफ असूनही नीट छापत नाही. स्क्रीनवर सुंदर, कागदावर अक्षरं गायब, सावलीच्या जागी काळा चौकोन, किंवा मध्येच मेमरी एरर. यामागे एक जुनं कारण आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकता हा प्रकारच नाही, रंग ठेवला की खालचा झाकला गेला. पीडीएफमध्ये २००१ च्या सुमारास पारदर्शकता आली, मग अर्धपारदर्शक सावल्या असलेलं पान पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरकडे पाठवायचं तर सगळे थर एकत्र करून सपाट करावे लागतात, आणि तिथे गडबड होते. अशा वेळी अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट विंडोत 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' असा चौकोन आहे, त्यावर टिक करा. मग ठिपके कॉम्प्युटर काढतो, प्रिंटरला फक्त चित्र मिळतं आणि त्याच्या समजण्या-न समजण्याचा प्रश्नच राहत नाही. छपाई हळू होते, बारीक अक्षरांच्या कडा थोड्या मऊ दिसू शकतात, म्हणून रोज वापरायची ही गोष्ट नाही, पण अडलेलं पान यातून बहुतेक वेळा निघतं. पोस्टस्क्रिप्टऐवजी पीसीएलचा ड्रायव्हर टाकूनसुद्धा फरक पडतो, बरेच ऑफिसचे प्रिंटर दोन्ही भाषा समजतात.

पेनड्राइव्हवर फाईल दिसतच नसेल तर दर वेळी फॉरमॅटला दोष देऊ नका बरं का. पेनड्राइव्हवर फायली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, बरेच प्रिंटर फक्त फॅट-३२ ने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर त्यांना तो रिकामा वाटतो किंवा दिसतच नाही. पासवर्ड असलेलं पीडीएफही काही प्रिंटर वगळतात, आणि काहींना प्रोग्रेसिव्ह पद्धतीने सेव्ह केलेली जेपेग चालत नाही, ती पेंटमध्ये उघडून परत सेव्ह केली की चालते.

जुना प्रिंटर, धडधाकट, पण नवीन विंडोजला त्याचा ड्रायव्हर नाही, ही तर घरोघरची गोष्ट. आधी प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान छापा, मेनूत असतं किंवा एखादं बटण दाबून धरलं की निघतं, त्यावर कुठल्या भाषा येतात ते असतं. पीसीएल असेल तर त्याच कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर किंवा जुन्याच एखाद्या पीसीएल मॉडेलचा ड्रायव्हर टाकून बघा, डबल-साइड किंवा ट्रे निवडणं कदाचित जाईल पण पानं निघतील. पोस्टस्क्रिप्ट असेल तर आणखी सोपं. होस्ट-बेस्ड असेल तर लिनक्सकडे वळा, तिथे स्वयंसेवकांनी अशा कित्येक प्रिंटरची गुप्त स्वरूपं उलगडून ड्रायव्हर लिहिलेत, गुटेनप्रिंट हे त्यातलं एक मोठं काम. आणि यातला सगळ्यात छान भाग असा की रास्पबेरी पाय सारख्या छोट्या कॉम्प्युटरवर कप्स टाकून तो जुना प्रिंटर त्याला जोडला की घरातल्या फोन आणि लॅपटॉपना तो नवीन वायफाय प्रिंटरसारखा दिसायला लागतो, ड्रायव्हर फक्त त्या छोट्या डब्यात, बाकी कुठेच नाही. चालणारं यंत्र निव्वळ ड्रायव्हर नाही म्हणून भंगारात जावं हे मला पटत नाही, आणि हा मार्ग खरंच चालतो.

हे शक्य होतं कारण नवीन प्रिंटिंगमध्ये ड्रायव्हरची गरजच कमी करत आणलीय. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया अलायन्स काढली, आणि आयपीपी, म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरशी बोलायची ठरलेली पद्धत, तिच्यावर उभं असलेलं आयपीपी एव्हरीव्हेअर नावाचं खुलं स्टँडर्डही आहे. तिन्हींच्या मुळाशी कल्पना एकच, फोन प्रिंटरला विचारतो 'तुला काय काय वाचता येतं?', प्रिंटर आपली यादी देतो, पीडीएफ, जेपेग, ठरलेल्या साच्यातले ठिपके, आणि फोन त्यातलं एक करून पाठवतो. म्हणजे इतकी वर्षं जे रूपांतर प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या ड्रायव्हरमध्ये लपलेलं होतं ते आता सगळ्यांसाठी सारखं झालं. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांच्या वेगवेगळ्या ड्रायव्हरना विंडोज अपडेटमधून हळूहळू निरोप देणार आणि आयपीपीवर भर देणार. त्यामुळे आता प्रिंटर घेताना एअरप्रिंट किंवा मोप्रियाचं चिन्ह आहे का ते नक्की बघा, आयफोन वापरत नसलात तरी.

आणि एक सेटिंग, जे रूपांतराच्या शेवटच्या पायरीवर मापं बिघडवतं. पीडीएफ छापताना 'फिट' आणि 'अ‍ॅक्च्युअल साइज' असे दोन पर्याय येतात, बऱ्याचदा 'फिट' आधीच निवडलेलं असतं आणि पान थोडं लहान होऊन छापतं. पत्राला काही फरक पडत नाही, पण बारकोडचं लेबल, शिवणाचा पॅटर्न, स्केलचं ड्रॉइंग, पासपोर्ट फोटोंची शीट, यांना पडतो, तिथे 'अ‍ॅक्च्युअल साइज'च हवं. पानावर माहीत असलेल्या मापाची एखादी रेघ असेल तर पहिलं एकच पान छापून ती पट्टीने मोजा आणि बरोबर आली की मग बाकीची सोडा.